कोटाची हजेरी

माणूस जागेवर आहे हे सिद्ध करायला माणूस जागेवर असावा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी कार्यालयात नोकरी केलेली नाही. खुर्चीच्या पाठीवर कोट, उघड्या फायलीवर चष्मा आणि चष्म्याशेजारी टोपण काढलेलं पेन, एवढं असलं की माणूस असतो. यात पेन सगळ्यांत महत्त्वाचं. टोपण लावलेलं पेन म्हणजे माणूस गेला. टोपण काढलेलं पेन म्हणजे आत्ताच इथे होता, येईलच. साहेब येतात, पेनाकडे बघतात आणि पुढे जातात. ही विद्या मला आमच्या जुन्या हेडक्लार्कांनी दिली. ते निवृत्त झाल्यावर बरेच दिवस ते निवृत्त झाल्याचं आमच्या मजल्यावर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गुरूची विद्या शिष्याने पुढे न्यावी म्हणतात. मी त्यासाठी एक खास कोट ठेवला होता. राखाडी, धाकट्या बहिणीच्या लग्नात शिवलेला. शिंप्याने माझ्या भविष्याविषयी नको तितकी आशा बाळगून खांद्यात भरपूर कापड सोडलं होतं, त्यामुळे अंगात घातला की मी त्यात हरवायचो. खुर्चीवर मात्र तो असा बसायचा की बघणाऱ्याने दोन पावलं मागे व्हावं. मी खुर्चीत असताना साहेबांनी मला कधी नमस्कार केल्याचं आठवत नाही. कोटाला त्यांनी एकदा केला होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरून नियम आला. विभागप्रमुखाच्या खुर्चीत यापुढे पदवीधरच बसेल. ती खुर्ची लवकरच रिकामी होणार होती आणि रांगेत पहिला मी होतो. पण मी कॉलेज दुसऱ्या वर्षातच सोडलेलं. का, ते सांगत बसत नाही. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. माझ्या मागे एक तरुण होता. त्याच्याकडे दोन पदव्या होत्या आणि सगळं कार्यालय त्याला पदवीधर याच नावाने हाक मारायचं, तेही माझ्यासमोर. स्टेपलरमध्ये पिना कशा भरायच्या हे त्या पोराला मी शिकवलं होतं. आता त्याच्या टेबलापुढे फाईल घेऊन मी उभा राहायचं, या कल्पनेने मला जेवण जाईना.

"मग करा की पदवी," बायको म्हणाली. "हल्ली घरबसल्या होते म्हणे."

"बाबा, तुम्हाला गृहपाठ मिळणार?" मुलीने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर मी इतका निर्मळ आनंद तिच्या वाढदिवसालाही पाहिला नव्हता.

घरात ठरलेली गोष्ट आमच्याकडे आधी तळमजल्यावर कळते आणि मग आम्हाला. तळमजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. ते संध्याकाळी आपणहून वर आले आणि दूरशिक्षणावर बोलले. जगात कुठे कुठे लोक कसे शिकतात हे त्यांनी मला सांगितलं. जहाजावरचे खलाशी शिकतात, दीपगृहावरचा एकटा माणूस शिकतो, बर्फात अडकलेल्या गावातली मुलं रेडिओवर शिकतात, तुरुंगातले कैदी तर सगळ्यांत मन लावून शिकतात. "विद्यार्थी जागेवर नसतो, हेच तर या पद्धतीचं वैशिष्ट्य," ते म्हणाले. हे वाक्य मी मनात नीट घडी करून ठेवलं. पुढे जे झालं त्याची थोडी जबाबदारी हेडमास्तरांवर जाते, असं माझं आजही मत आहे.

प्रवेश घेताना कळलं की दुरून शिकण्यासाठी दर रविवारी जवळ यावं लागतं. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र एका प्राथमिक शाळेत होतं. तिथे रविवारी तास आणि हजेरी सक्तीची. हजेरी कमी पडली तर तोंडी परीक्षेला बसू देणार नव्हते. मी तिथल्या कारकुनाला म्हणालो, "अहो, मग हे दूर कसलं?" तो म्हणाला, "दूर ठेवून पाहिलं साहेब. कोणी शिकेना."

ओळखपत्रासाठी त्याने मला भिंतीपाशी उभं केलं आणि फोटो काढला. प्रसंग औपचारिक म्हणून मी कोट घालून गेलो होतो. फोटोत कोट सुरेख आला. त्याचं एकेक बटण, विणीतला धागा न् धागा दिसत होता. कॉलरच्या वर मात्र नुसता पांढरा डाग होता. दुसरा काढला, तिसरा काढला. दर वेळी कोट आणखी चांगला येत गेला आणि डाग आणखी पांढरा.

"यात माझा चेहरा नाही," मी म्हणालो.

"कोट तुमचाच ना?"

"हो."

"मग झालं तर," म्हणून त्याने शिक्का मारला. मी वाद घातला नाही. शिक्का मारल्यावर वाद घालू नये एवढं प्रशासन मला येत होतं.

पहिला रविवार. वर्ग तिसरीचा. बाकं आठ वर्षांच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे माझे गुडघे कानाशी आलेले. भिंतीवर हाडांचा तक्ता. वर्गात एक नर्स होती, रात्रपाळी संपवून थेट आलेली. बँकेच्या दारावरचे एक रखवालदार होते. आणखी दहाबारा मंडळी. शिकवायला एक ठेंगण्या, शांत बाई होत्या. विषय लोकप्रशासन. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे केलं. माझं नशीबच तसं आहे, वाढप्यालासुद्धा आमटी सांडायला मीच सापडतो.

"प्रशासन म्हणजे काय, सांगाल?"

आयुष्य ज्यात घातलं त्याची व्याख्या मला कोणी विचारली नव्हती. मी म्हणालो, "वरून आलेलं खाली देणे."

वर्ग हसला. रखवालदार तर डोळे पुसून हसले. बाई हसल्या नाहीत, पण "आणि खालून आलेलं?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ते येत नाही." पुन्हा हशा. माझे कान तापले. घरी येताना मी ठरवलं की या वर्गात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही आणि हजेरीही सोडणार नाही.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेलो. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाच्या पाठीवर कोट घातला, खांदे नीट बसवले. समोर पुस्तक उघडलं, त्यावर जुना चष्मा ठेवला, शेजारी पेन. टोपण काढून खिशात टाकलं आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन निवांत बसलो. तास सुटल्यावर परत आलो तेव्हा वर्ग रिकामा होता. हजेरी लागली होती. मी कोट उचलला. तो गरम होता.

ऊन आलं असेल खिडकीतून, असं मी म्हणालो. खिडकी उत्तरेला होती हे मला घरी आल्यावर आठवलं.

दुसऱ्या खेपेला बाहीला खडू लागलेला होता. तिसऱ्या खेपेला वरच्या खिशात एक गोळी निघाली, खोकल्याची, कागदात गुंडाळलेली. मला खोकला नव्हता. फाटकाशी नर्स भेटली. तिने माझ्या हातातल्या कोटाकडे बघितलं, मग जरा अडखळून माझ्याकडे, आणि म्हणाली, "आज काय सुंदर बोललात. माझ्या वॉर्डात रोज जे होतं तेच सांगितलंत. मला घरी जाऊन झोप येणार नाही आता."

"त्यात काय विशेष," मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. कौतुक चुकीच्या पत्त्यावर आलं तरी परत कोण करतो?

मग घरी पोस्टाने माझा लेखी स्वाध्याय तपासून आला. तो मी हेडमास्तरांच्या मदतीने लिहिला होता, म्हणजे त्यांनी सांगितला होता आणि मी मध्ये मध्ये माझी मतं घातली होती. बाईंनी तांबड्या शाईत लिहिलं होतं, "वर्गात इतकं नेमकं बोलता, मग लिहिताना असं का होतं? हे तुमचं वाटत नाही." मार्क जेमतेम. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या मतांनी घात केला." मला मात्र वेगळंच लागलं. माझ्याच कोटाने मला मागे टाकलं होतं. दुसऱ्या कोणी टाकलं असतं तर मी सोसलं असतं. पदवीधराने टाकलंच होतं. पण ज्याला मी स्वतः ब्रशने झाडतो, त्याने?

म्हणून पुढच्या रविवारी मी सलूनमध्ये गेलो नाही. शाळेच्या मागच्या बाजूने वळसा घालून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर लख्ख सकाळ होती. मैदानात कोणीतरी सायकल शिकत होतं.

आत तास चालू होता. कोट तिसऱ्या बाकावर होता, मी ठेवला तसाच. बाकाच्या पाठीवर मागून घातलेला, पुढे रिकामी जागा, चष्मा, पेन. दुसरं काही नाही. बाईंनी काहीतरी विचारलं आणि त्या थांबल्या. त्या तिसऱ्या बाकाकडे बघत होत्या. समोरचा बोलत असताना आपण जसे थांबतो, मान किंचित कलती करून, मध्येच "हं" म्हणत, तशा थांबल्या होत्या. सगळा वर्ग त्या बाजूला वळला होता. नर्सने हनुवटीखाली हात घेतला होता. कोणी कुजबुजत नव्हतं. मला खिडकीतून काहीही ऐकू येत नव्हतं, आणि काच तर उघडी होती. मग सगळे एकदम हसले. माझ्या वेळी हसले होते तसे नाही. बरोबरचा माणूस काहीतरी मनातलं बोलला की हसतात, तसे. आणि मला वाटलं, वाटलं म्हणजे मी पाहिलं, की कोटाचे खांदे हसताना हलतात तसे जरासे हलले.

रखवालदारांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते उठून खिडकीशी आले.

"काय हवंय?"

"मी... तो कोट माझा आहे."

"तास चालू आहे," ते सौजन्याने म्हणाले. "बाहेरच्यांनी डोकावू नये." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

हे मी बायकोला सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं, निदान मला तसं वाटलं. "तुमचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. "चांगला शिकतोय तर शिकू दे की." कोण शिकतोय, हे मी विचारायचं राहून गेलं.

मी कोट लाँड्रीत टाकला. लाँड्रीवाला तो उलटासुलटा करत म्हणाला, "साहेब, तब्येत सुधारली वाटतं. खांद्यात चांगला भरलाय." मी त्याला म्हणालो, घाई नाही, सावकाश दे. आणि रविवारी सरळ, अंगावर नुसता शर्ट घालून, वर्गात जाऊन तिसऱ्या बाकावर बसलो. बाईंनी माझं नाव पुकारलं. मी म्हणालो, "हजर."

बाईंनी वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी फोटोतला कोट बघितला, माझा शर्ट बघितला आणि कार्ड परत दिलं. वर्गात चुळबुळ सुरू झाली. ते आज का आले नाहीत, बरं नाही का, मागच्या वेळी जरा खोकत होते. शेवटी नर्सनेच विचारलं, "तुम्ही त्यांचे भाऊ का?"

माणसाची जीभ कधी काय करेल सांगता येत नाही. मी म्हणालो, "हो. धाकटा."

"वाटलंच," ती म्हणाली. "थोडं साम्य आहे. त्यांना म्हणावं, काळजी घ्या." बाईंनी गैरहजेरी लावली.

आता तोंडी परीक्षा आली. ती चुकली तर वर्ष गेलं, वर्ष गेलं तर खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली तर पदवीधरापुढे फाईल घेऊन उभं राहणं आलं. शेजारीपाजारी सल्ल्यांचा पाऊस पडला. हेडमास्तर म्हणाले, उत्तर येत नसेल तर प्रश्नाचं कौतुक करा. मी लाँड्रीतून कोट आणला आणि मुकाट्याने अंगात चढवला. तो आता माझ्या मापाचा अजिबात राहिला नव्हता. बाह्या बोटांच्या खाली आल्या होत्या, कॉलर कानांपर्यंत. आरशात मी शोधावा लागत होतो.

बाईंनी दार लावलं आणि विचारलं, "प्रशासन म्हणजे काय?"

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. वरून आलेलं खाली देणे, एवढंही नाही. मी नुसता बसून राहिलो, माशासारखा. बाईंनी मान कलती केली. थांबल्या. "हं," म्हणाल्या. आणखी थांबल्या. मला माझ्या पाठीशी, अस्तराच्या आत, कोणीतरी सावकाश श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले.

"इतकी वर्षं शिकवते," त्या म्हणाल्या, "पण असं कोणी सांगितलं नव्हतं. या तुम्ही." मी उठलो. म्हणजे कोट उठला आणि मला त्याच्याबरोबर उठावं लागलं. काय सांगितलं ते मला आजतागायत माहीत नाही. वर्षअखेर पहिल्या वर्गात पास झालो. पदवी पूर्ण व्हायची होती, पण ती होतेय हे पाहून वरिष्ठांनी मला खुर्ची देऊन टाकली. पेढे हेडमास्तरांनी वाटले, स्वतःचाच निकाल लागल्यासारखे.

पहिल्या दिवशी मी केबिनमध्ये शिरलो, सवयीने कोट खुर्चीवर घातला, पेनाचं टोपण काढलं आणि फायली लावायला कपाटापाशी गेलो. साहेब आले. ते सरळ खुर्चीसमोर बसले आणि म्हणाले, "अभिनंदन. तुमच्यासारखी ऐकून घेणारी माणसं हवीत इथे." मग ते बोलत राहिले, मध्ये थांबत राहिले, मान हलवत राहिले. मी खाकरलो. त्यांनी वळून पाहिलं. "आमचं जरा चाललंय," ते म्हणाले. "बाहेर थांबता का?"

मी हातात फाईल घेऊन बाहेर येऊन उभा राहिलो. पदवीधराने मला पाहिलं आणि आपली खुर्ची सरकवली. "बसा ना, काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा असता तर मी वाचलो असतो. पण तो खरंच चांगला मुलगा होता.

त्याच दुपारी मी कोट लाँड्रीत नेला आणि म्हणालो, कोणाला हवा असेल त्याला देऊन टाक. संध्याकाळी घरी आलो तर तो जेवणाच्या टेबलाशी, माझ्या खुर्चीवर होता. लाँड्रीवाला आणून देऊन गेला होता. "साहेबच म्हणाले, घरी सोड," असं सांगून. मुलगी त्याच्यासमोर गणितं सोडवत बसली होती. एकेक गणित झालं की मान वर करायची, वाट बघायची, मग "अरे हो," म्हणून खोडायची. स्वयंपाकघरातून ही काहीतरी सांगत होती, तिच्या बहिणीचं काय झालं, कोण काय बोललं. मध्ये थांबायची. मग हसायची. मी दारात चपला काढत उभा होतो. आपण इथे नसलो तरी चालेल असं मला कार्यालयात कधीतरी वाटलं होतं. घरात वाटेल असं वाटलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त, रडू आलं.

रविवारी सकाळी मुलगी खेळायला गेल्यावर मी हिला विचारलं, "तू त्या कोटाशी बोलतेस?"

"मग कोणाशी बोलू?" तिने कप विसळत म्हटलं. तिला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मी आहे ना."

ती थांबली. कप ठेवला आणि हात पुसले. "तुम्हाला वाटतं ती पेनाची युक्ती तुमच्या ऑफिसातच चालते? घरीही तेच करता तुम्ही. पेपर उघडा, चष्मा नाकावर, आणि माणूस कुठे? मी बोलत राहते. आत्ताच इथे होते, येतीलच, म्हणून वाट बघते. किती वर्षं बघायची? कोट निदान जातो कुठे नाही."

मला हेडमास्तरांचा सल्ला आठवला, पण प्रश्नाचं कौतुक करण्याची ती वेळ नव्हती.

"बोल," मी म्हणालो. "मी ऐकतो."

"असं ठरवून काय बोलायचं?" ती म्हणाली. मग कप फळीवर लावता लावता, "दाढ दुखतेय."

"कुठली?"

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. "खालची, डावीकडची. गार पाणी लागलं की कानापर्यंत कळ जाते. चार लोकांत हसायचीसुद्धा चोरी झालीय." आणि मग ती बराच वेळ बोलली. दाढेचं, बहिणीचं, मुलीच्या बाईंचं, आणि तिलाही एकदा कॉलेज पुरं करायचं होतं त्याचं. ते मला माहीत नव्हतं. तिने ते कोटाला आधीच सांगितलं होतं.

त्याच दिवशी केंद्रात नव्या वर्षाची पहिली बैठक होती. मी कारकुनाकडे गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून नाव घातलं. पास झालेल्या वर्षाला कशाला बसता, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, तो मी नव्हतो. अशी उत्तरं त्याने पुष्कळ ऐकली असावीत. भिंतीपाशी उभं करून त्याने फोटो काढला. शर्ट पांढरा पडला होता, पण वर माझा चेहरा आला होता. काही खास नव्हता. एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा आहे हे त्यात पहिल्यांदा दिसलं.

तिसरीचा वर्ग, तीच बाकं, गुडघे कानाशी. बाईंनी नाव पुकारलं. "हजर," मी म्हणालो. बाईंनी निरखून पाहिलं. "तुम्हाला याआधी पाहिलं नाही कधी."

"नाही," मी म्हणालो. "मी पहिल्यांदाच येतोय."

"प्रशासन म्हणजे काय, सांगाल?"

"माहीत नाही बाई." वर्ग हसला. मी पेनाला टोपण लावलं, बाजूला ठेवलं आणि बाई काय सांगतात ते ऐकत बसलो. कंटाळा आला तरी बसलो. बाकावरून उठताना पाय इतके बधिर झाले होते की नव्याने प्रवेश घेतलेल्या एका मावशींनी मला हात दिला.

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आमचं दार बंद होतं, पण व्हरांड्यातली खिडकी उघडी होती. आत टेबलाशी मुलगी होती, ही होती आणि माझ्या खुर्चीवर कोट होता. ही काहीतरी विचारून थांबली होती. मान किंचित कलती. मला काहीही ऐकू येत नव्हतं. मग त्या दोघी हसल्या, आणि हसताना हिने गालाला हात लावला नाही.

मी बेल वाजवली.

"कोण?" आतून हिचा आवाज.

"मी."

आयुष्यभर त्या दाराला मी एवढंच उत्तर दिलं होतं आणि ते पुरलं होतं. "मी कोण?" तिने विचारलं. आवाज सावध होता. घरातलं माणूस घरात असताना दारावर आलेल्या परक्याशी बोलतात तसा. "हे घरीच आहेत. काय काम होतं?"

मी नाव सांगणार होतो. पण नाव तर त्याचंही तेच. हुद्दा त्याचाच. ओळखपत्र खिशात होतं, दाराच्या फटीतून कोण बघणार? मी दाराला तोंड लावलं.

"तुझी डावीकडची दाढ," मी म्हणालो. "खालची. गार पाणी लागलं की कानापर्यंत जाते ती कळ. सकाळपासून थांबली का, की लवंग आणू?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणाची ते कळलं नाही. मग कडी निघाली. ही दारात उभी होती, माझ्याकडे बघत. एका कानाकडे, मग दुसऱ्या कानाकडे.

"थांबली नाही," ती म्हणाली. "मघाशी हसले तेव्हा विसरले होते."

मी आत गेलो. कोट माझ्या खुर्चीवर होता, खांदे भरलेले, जरासा आमच्याकडे वळलेला. त्याच्यापुढे टेबलावर माझं जुनं पेन होतं, टोपण काढलेलं. मुलीने कोटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि गणिताची वही मध्यावर सरकवली.

"बसा," ही म्हणाली.

आमच्यापैकी कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही. भिंतीशी एक जास्तीची खुर्ची होती, पाहुण्यांची. ती ओढून मी बसलो.